चाल कोणाची, गाणं कोणाचं?
(प्रस्तावना)

जुन्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक उघडलं, की पदाच्या डोक्यावर कंसात एक ओळ हमखास भेटते : चाल अमुक. कुठे एखाद्या लावणीचे पहिले दोन शब्द असतात, कुठे कानडी पदाचे, कुठे ठुमरीचे. असं लिहिण्यात नाटककाराला कमीपणा वाटत नसे. ती ओळ गाणाऱ्याच्या सोयीची होती, आणि वाचणाऱ्यालाही पद कोणत्या वाटेने आलं ते कळत असे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त (१८८२) साकी, दिंडी, लावणी आणि कानडी पदांच्या चाली शेजारी शेजारी नांदल्या. ‘मानापमाना’साठी (१९११) गोविंदराव टेंबे यांनी पूरबेकडच्या ठुमरी-दादऱ्यांचा बाज उचलला आणि पुण्या-मुंबईचा प्रेक्षक त्याने वेडा झाला. उसनी चाल हा तेव्हा उघड व्यवहार होता.

बोलपट आला आणि ती ओळ गेली. थिएटरच्या दारात थोड्या आण्यांत मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकेत कथासार असे, नटनट्यांची नावं असत, गीतकार आणि संगीतदिग्दर्शक असत. चाल कशावरून घेतली ते मात्र छापलेलं नसे. चाल आता ‘दिलेली’ असे, आणि ती देणारा एक नाव असलेला माणूस असे. मराठी गाण्याचं मूळ शोधावं लागण्याची पाळी आली ती इथून.

हे पुस्तक त्या शोधाचं आहे. त्यासाठी मी १९३६ ते १९४० एवढाच काळ घेतला. एका टोकाला ‘संत तुकाराम’, दुसऱ्या टोकाला ‘संत ज्ञानेश्वर’. मध्ये ‘कुंकू’, ‘गोपाळकृष्ण’, ‘ब्रह्मचारी’, ‘माझा मुलगा’, ‘माणूस’. त्याच वर्षांत गजाननराव वाटव्यांसारखा तरुण गायक कविता घेऊन लोकांसमोर बसू लागला होता. काळ लहान असला तरी या चार-पाच वर्षांत मराठी माणसाच्या ओठांवरचं गाणं बदललं, आणि आज ज्याला आपण बिनदिक्कत ‘जुनी गाणी’ म्हणतो त्याचा साचा तेव्हाच पडला.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ चा. त्याचे संगीतकार गोविंदराव टेंबेच, आणि हरिश्चंद्रही तेच. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्याला आली. नाटक कंपन्या तेव्हा मोडकळीला आल्या होत्या. बालगंधर्वांसारख्या नटसम्राटालाही १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ होऊन कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागलं. रंगभूमीवरचे गवई, साथीदार, नट, कवी असे सगळेच नव्या धंद्याकडे वळले आणि येताना आपापली गाणी घेऊन आले. त्यामुळे बोलपटातलं संगीत आकाशातून पडलेलं नाही. नवी गोष्ट वेगळीच होती : त्याच माणसांना आता निराळ्या कामासाठी गाणं करायचं होतं.

माझं म्हणणं त्या कामापाशी येतं. गाण्याचं मूळ विचारताना आपण सहसा दोनच प्रश्न विचारतो : शब्द कोणाचे, आणि चाल कुठून आली. दोन्ही हवेत. पण तिसरा प्रश्न राहून जातो, आणि माझ्या मते तोच मोठा आहे : हे गाणं कोणत्या गरजेपोटी झालं? कोणत्या प्रसंगासाठी, कोणत्या आवाजासाठी, किती वेळात बसवायला? या पुस्तकातल्या बहुतेक गाण्यांचं वेगळेपण या तिसऱ्या उत्तरात सापडतं.

सर्वांत बोलकं उदाहरण ‘संत तुकाराम’चं. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३६ च्या डिसेंबरात लागला, मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीसांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. तरीही पटकथेतल्या एका जागेसाठी नवा अभंग हवा झाला, आणि तो शांताराम आठवले या तरुण कवीने लिहिला. ‘आधी बीज एकले’ तो हाच. बीज, अंकुर, वृक्ष आणि पुन्हा बीज अशी त्याची चढण इतकी सहज होती, की लोकांनी तो तुकोबांचाच मानला. गाथेत तो सापडेना म्हणून जाणकारही चक्रावले. आजही कितीतरी भजनी मंडळं तो तुकोबांचा म्हणूनच गातात.

यातला काव्यगत न्याय पाहण्यासारखा आहे. चित्रपटातला सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरवतो. पडद्यामागे मात्र एका कवीचा अभंग तुकोबांच्या नावावर जमा होतो. संगीतातही भोळ्यांनी हीच रेघ ओढली आहे. तुकोबांचं गाणं टाळ-वीणेच्या जोरावर, बोलण्याच्या अगदी जवळून चालतं. सालोमालोच्या तोंडी तेच शब्द येतात तेव्हा ते रंगभूमीवरच्या नटव्या, हरकतींनी लगडलेल्या ढंगात येतात. म्हणजे एक संगीतकार गाण्यातूनच सांगत होता, की नाट्यसंगीताची ती मिरवणूक इथे चालायची नाही. चाल भजनाची आहे हे कुणालाही ऐकू येतं. ती भजनाचीच का ठेवली, हे समोर सालोमालो असल्याशिवाय कळत नाही.

केशवराव भोळे हा या पुस्तकाचा एक कणाच म्हणावा लागेल. स्वतः गायक, ‘एकलव्य’ या नावाने संगीतावर धारदार लिहिणारे टीकाकार आणि संगीतकार. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेचं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आलं, तेव्हा त्याचं संगीत त्यांचंच होतं. ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककाराच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते लिहिलं होतं. पदांची रेलचेल असणाऱ्या जमान्यात त्यात मोजकीच गाणी होती, आणि तीही आटोपशीर. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. मूळच्या गोव्याच्या ज्योत्स्ना भोळे यांच्या आवाजातली ती गाणी गवयी बैठकीसारखी न फुलता भावनेला धरून सरळ जात. त्याच मंडळींतले अनंत काणेकर पुढे ‘माणूस’ची गाणी लिहितात आणि के. नारायण काळे ‘माझा मुलगा’ दिग्दर्शित करतात. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या चित्रगीताचं एक मूळ असं मुंबईच्या त्या प्रायोगिक नाटकात आहे, आणि ते चालीचं नसून दृष्टीचं आहे.

‘कुंकू’ (१९३७) मध्ये ही दृष्टी अगदी टोकाला गेली. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा लग्न मानायला नकार देते. व्ही. शांताराम आणि भोळे यांनी पार्श्वसंगीत जवळजवळ बादच केलं : जो आवाज ऐकू येईल त्याचं कारण प्रसंगातच दिसलं पाहिजे. अशा चित्रपटात गाणं घालायचं तर त्यालाही कारण हवं. मग ‘मन सुद्ध तुझं’ रस्त्याने गात जाणाऱ्या भिक्षेकऱ्याच्या तोंडी येतं, लोकगीताच्या अंगाने. आणि नीरा, म्हणजे शांता आपटे, चक्क लाँगफेलो या अमेरिकी कवीची ‘सॉम ऑफ लाइफ’ ही १८३८ ची कविता इंग्रजीत गाते. एकाच चित्रपटातल्या या दोन गाण्यांची मुळं दोन खंडांत आहेत. तरीही ती एकमेकांना परकी वाटत नाहीत, कारण दोन्ही एकाच गोष्टीसाठी आली आहेत : कोंडलेल्या बाईला धीर हवा आहे.

दुसरा कणा मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीत मुरलेले, मैफल हलवून सोडणारे गवई. ‘गोपाळकृष्ण’मधल्या (१९३८) त्यांच्या चालींत गवळण आणि बंदिश हातात हात घालून चालतात. पण खरी कसोटी ‘माणूस’ने (१९३९) घेतली. मैना ही वेश्या आणि एक पोलीस शिपाई यांच्या प्रेमाची ही गोष्ट. त्यातलं ‘कशाला उद्याची बात’ हे शांता हुबळीकरांचं गाणं एवढं गाजलं, की पुढे त्यांच्या आत्मचरित्रालाही तेच नाव मिळालं. या गाण्यात एकामागून एक निरनिराळ्या भाषांतली कडवी येतात. ही कुणा कवीची लहर नव्हे. मैनाच्या माडीवर येणारं गिऱ्हाईक प्रांतोप्रांतीचं आहे, आणि तिला प्रत्येकाला त्याच्या भाषेत रिझवायचं आहे. मुंबईसारख्या शहरात पोटासाठी भाषा शिकावी लागते, ही गोष्ट गाण्याच्या रचनेतच उतरली. आणि गाणारी बाई हुबळीकडची, कानडी वळणात वाढलेली! याच चित्रपटात त्या वेळच्या गुळगुळीत चित्रपटी प्रेमगीतांची मनमुराद टरही उडवली आहे. म्हणजे १९३९ पर्यंत चित्रपटगीताचा साचा एवढा पक्का झाला होता, की त्याची नक्कल केली तर सारं थिएटर ओळखून हसत होतं.

प्रभातच्या बाहेरची बाजूही पाहायला हवी. हंस पिक्चर्सच्या ‘ब्रह्मचारी’ची (१९३८) कथा आणि गीतं आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं, संगीत दादा चांदेकरांचं. मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात ‘यमुनाजळी’ गातात तो प्रसंग आजही लोक डोळे मिचकावत सांगतात. पण ऐकताना लक्षात येतं, की शब्द राधा-कृष्णाच्या जुन्या जलक्रीडेचे आहेत. शतकानुशतकं गवळणीत चालत आलेला शृंगार ‘झेंडूची फुले’ लिहिणाऱ्या विडंबनकाराने उचलला आणि ब्रह्मचर्याचा आव आणणाऱ्या तरुणासमोर नेऊन ठेवला. जुनं मूळ आणि नवा पोशाख यांच्या टकरीतून विनोद झाला. खळबळीला पोशाखाइतकीच ही टक्करही कारण होती.

चित्रपटाला समांतर वाहणारी दुसरी धार कवितेची. रविकिरण मंडळाच्या कवींनी १९२० नंतर कविता गाऊन दाखवण्याची सवय लावली होती. नागपूरकडून आलेले, कायदा शिकलेले जी. एन. जोशी यांनी मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तबकडीवर गायली, आणि भावगीत घरोघर गेलं. देशपांड्यांचा ‘शीळ’ हा संग्रह निघाला १९५४ साली. म्हणजे पुस्तकाआधी वीसेक वर्षं कविता लोकांना पाठ होती, आणि कवीचं नाव मात्र कितीजणांना ठाऊक असेल याची शंकाच. तबकडीच्या लेबलावर गायकाचं नाव ठसठशीत असे; कवीला तिथे बहुधा जागाच नसे. जोशी पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं काम पाहू लागले आणि इतर गायकांना त्याच वाटेने आणत राहिले.

भावगीत त्याच सुमारास का रुजलं? कारण यंत्र बदललं होतं. १९२५ नंतर विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी भोंग्यात तोंड घालून खणखणीत गावं लागे. मायक्रोफोन आल्यावर हळू, जवळून, जणू कानात सांगावं तसं गाता येऊ लागलं. ज्यांचा आवाज थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नसता, त्यांनाही गायक होता आलं. दुसरं, वेळ. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत अर्धा तास रंगणारं पद तिथे काय करणार? ध्रुवपद, दोन-तीन कडवी, मध्ये वाद्यमेळाचे छोटे तुकडे हा आज स्वाभाविक वाटणारा आकार लाखेच्या त्या तबकडीने ठरवला. चित्रपटालाही तोच सोयीचा पडला, कारण गाणं तबकडीवर खपायचं होतं. शिवाय आता एकट्या एचएमव्हीचीच सद्दी राहिली नव्हती. १९३५ च्या सुमारास मुंबईत ‘यंग इंडिया’च्या देशी तबकड्याही निघू लागल्या. मुंबईचं रेडिओ केंद्र १९२७ पासून सुरू होतं आणि १९३६ मध्ये त्याच्या संस्थेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. तरी रेडिओ मूठभर घरांत होता. खरा प्रसार इराण्याच्या हॉटेलातल्या, लग्नमंडपातल्या आणि चाळीतल्या एखाद्या चावीच्या फोनोने केला.

आणि मेळ्यांनी. गणेशोत्सवातले मेळे दरवर्षी नवी पदं बसवत आणि त्यांच्या पुस्तिका छापत. तिथे ती गायब झालेली ओळ पुन्हा भेटते : चाल अमुक. फरक इतकाच, की आता ‘अमुक’च्या जागी प्रभातच्या किंवा हंसच्या गाण्याचं नाव आहे. उसन्या चालीचा व्यवहार बंद झालेलाच नव्हता. चित्रपटगीत फक्त घेणाऱ्याच्या जागेवरून देणाऱ्याच्या जागी जाऊन बसलं होतं. आंबेडकरी जलशांनीही गाजलेल्या चाली उचलल्या आणि त्यांत स्वतःचे, जाब विचारणारे शब्द भरले. भीमराव कर्डकांनी या जलशांवर लिहून ठेवलं आहे, ते वाचावं. ज्यांच्याकडे स्टुडिओ नव्हता, तबकडी नव्हती, त्यांनी लोकप्रिय चालीलाच आपला ध्वनिक्षेपक केलं. त्यामुळे या पुस्तकात प्रत्येक गाण्याच्या शेवटी ते ‘कुठून आलं’ याबरोबर ‘कुठे गेलं’ हेही नोंदवायचा प्रयत्न केला आहे.

आता थोडं या पुस्तकाच्या गावाविषयी. हे लिहिलं गेलं नवी मुंबईत, आणि १९३० च्या दशकात नवी मुंबई नव्हती. सिडकोची स्थापना १९७० ची, खाडीवरचा वाशीचा पूल १९७३ चा. पूल झाल्यावर गिरगाव, दादर, परळच्या खोल्या सोडून माणसं इकडच्या सदनिकांत आली आणि काहींच्या सामानात जुन्या तबकड्याही आल्या. पुस्तकातल्या गाण्यांशी माझी ओळख मुख्यतः अशाच घरांतून झाली. पण ही जमीन तेव्हा रिकामी नव्हती. वाशी, तुर्भे, घणसोली, करावे, बेलापूर ही आगरी-कोळ्यांची गावं होती. भातशेती होती, मासेमारी होती, मिठागरं होती. इथल्या लग्नांत धवलारीण धवळे गात होती, आणि विधी तिच्या गाण्याने पुढे सरकत होते. धवळे म्हटले की मराठीत थेट तेराव्या शतकातली महदंबा आठवते, एवढी ही परंपरा जुनी. मग १९३८ च्या ‘लोकप्रिय’ गाण्यांच्या यादीत धवळे का नाहीत? खाडीच्या पलीकडे ध्वनिमुद्रण होत होतं, अलीकडे कुणी यंत्र घेऊन आलं नाही, एवढंच उत्तर आहे. याच सुमारास साने गुरुजी बायकांच्या ओव्या गोळा करत होते, आणि १९४० च्या आसपास ‘स्त्री जीवन’मध्ये त्या छापून आल्या. तिथेही शब्द वाचले, आवाज नाही वाचला. आपण ज्याला त्या काळचं लोकप्रिय गाणं म्हणतो ते तबकडीवर चढलेलं लोकप्रिय गाणं आहे, हे भान वाचकाने सबंध पुस्तकभर ठेवावं.

उलट दिशेचा प्रवासही इथेच पाहायला मिळतो. तीसेक वर्षांनी घाटावरच्या शान्ता शेळके यांनी लिहिलेलं आणि हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेलं ‘मी डोलकर’ आज इथल्या हळदीला असं नाचलं जातं, जणू पणज्यापासून चालत आलं आहे. आठवल्यांच्या अभंगाचं जे वारकऱ्यांत झालं, तेच शेळक्यांच्या गाण्याचं कोळीवाड्यात झालं. कवीला याहून मोठी पावती कोणती, असं आपण म्हणतो. खरं आहे, पण त्या पावतीवर कवीचं नाव नसतं. समाजाने गाणं आपलंसं केलं म्हणून करणाऱ्याचं नाव पुसलंच पाहिजे असं नाही. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, आणि ते आपल्याच हातात आहे.

पुस्तकाची मांडणी कालक्रमाने नाही. पहिला भाग भक्तिगीताचा, दुसरा रंगभूमीवरून आलेल्या गाण्यांचा, तिसरा छापील कवितेचा, चौथा लोकगीत आणि लावणीच्या वळणाचा, पाचवा मेळे-जलशांतल्या पुनर्जन्मांचा. एखादं गाणं दोन भागांत भेटलं तर नवल वाटू देऊ नये. त्याची मुळंच दोन आहेत. रागांची चर्चा जरुरीपुरती आहे. दंतकथा बऱ्याच वगळल्या, कारण या गाण्यांभोवती त्यांचं पीक उदंड आहे आणि खऱ्या गोष्टी त्याहून रंजक आहेत. ‘अछूत कन्या’ (१९३६) किंवा सैगलचं ‘स्ट्रीट सिंगर’ (१९३८) यांतली हिंदी गाणीही तेव्हा मराठी घरांत गुणगुणली जात. त्यांचा उल्लेख येतो, सविस्तर विचार येत नाही. तो वेगळ्या पुस्तकाचा ऐवज आहे.

आधी गाणं ऐकावं, मग त्याचं टिपण वाचावं, आणि मग पुन्हा ऐकावं, अशी विनंती. यातली बरीचशी गाणी आज मोबाइलवर मिळतात. ध्वनिमुद्रिका जपणाऱ्या संग्राहकांचे त्याबद्दल आपण सर्वांनीच आभार मानले पाहिजेत. आणि एक मागणं, विशेषतः सोसायटीच्या गणपतीत, ज्येष्ठ नागरिक संघात आणि वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांत ही गाणी गाणाऱ्यांना. निवेदकाच्या कागदावर फक्त मूळ गायकाचं नाव असतं. त्या ओळीत कवीचं आणि संगीतकाराचं नाव घाला, आणि ठाऊक असेल तर चाल कुठली तेही सांगा. किर्लोस्करांच्या काळातल्या छापखान्याला जे जमत होतं, ते आपल्या माइकला जमायला हरकत नाही.

नेरूळ, नवी मुंबई